उत्तरभाग

या नियतकालिकाच्या वाचकांसमोर एका जपानी चित्रमालिकेविषयी लिहिताना थोडा संकोच होतो. विषय हलका आहे म्हणून नव्हे. हलके आणि जड ही प्रतवारी आपल्या समीक्षेने निदान तत्त्वतः तरी सोडून दिली आहे. संकोच आहे तो याचा, की ज्या अपेक्षाभंगाविषयी मला लिहावयाचे आहे तो प्रथम माझा नव्हता, माझ्या मुलीचा होता. आणि आयुष्यभर साहित्य शिकवूनही त्याचा अर्थ मला उशिरा लागला.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. गावठाणाभोवती पाहता पाहता सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक सोसायटीला एक भिंत, एक फाटक आणि एक रखवालदार आला. येथल्या राजमाता जिजाऊ उद्यानाला परिसरातली मुले डायनासोर गार्डन म्हणतात, कारण तेथे डायनासोरांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. मुलगी चार-पाच वर्षांची असताना मी तिला तेथे नेत असे. त्या प्राण्यासमोर उभी राहून ती विचारी : हा काय खातो? रात्री कुठे झोपतो? तो खरा आहे का, असे तिने एकदाही विचारले नाही. अद्भुताशी वागण्याची ही रीत मला तेव्हा बालिश वाटली होती. पुढे टॉल्किनचा परीकथांवरील निबंध शिकवताना ध्यानात आले की, कल्पित जगाला स्वतःचे नियम असतात आणि त्या नियमांच्या आत राहूनच वाचक त्यावर विश्वास ठेवतो, हे त्याचे म्हणणे त्या दोन प्रश्नांत पूर्ण सामावलेले होते.

२०१९ च्या जानेवारीत ती आठवीत होती. संध्याकाळी लॅपटॉपवर ती काहीतरी पाहत असे आणि मी शेजारच्या खुर्चीत उत्तरपत्रिका तपासत असे. एका संध्याकाळी मी तपासणे थांबवले. मालिकेचे नाव 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'. काइउ शिराई यांचे लेखन आणि पोसुका देमिझू यांची चित्रे असलेली मूळ चित्रकथा एका जपानी साप्ताहिकातून २०१६ ते २०२० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे २० खंड आहेत. तिच्या पहिल्या पर्वाचे बारा भाग मामोरू कानबे यांनी दिग्दर्शित केले होते.

कथा अशी. एका रम्य अनाथगृहात एमा आणि तिची ३७ भावंडे राहतात. मुले जिला आई म्हणतात ती इझाबेला त्यांना मायेने वाढवते, रोज बुद्धीची परीक्षा घेते, आणि बाराव्या वर्षाआधी प्रत्येकाला कोणातरी कुटुंबाकडे पाठवते. एके रात्री एका धाकट्या मुलीचे विसरलेले कापडी खेळणे पोचवायला एमा आणि नॉर्मन फाटकापर्यंत जातात, आणि त्यांना कळते की हे अनाथगृह म्हणजे राक्षसांसाठी चालवलेला मळा आहे. मुलांचे मेंदू हे त्याचे पीक. यापुढचे अकरा भाग म्हणजे अकरा वर्षांच्या तीन मुलांनी त्या आईशी बुद्धीने खेळलेला डाव. हे काय खातात, हा प्रश्न पुन्हा समोर आला होता. या वेळी त्याला उत्तर होते.

या पर्वाच्या भागांची शीर्षके म्हणजे नुसत्या तारखा आहेत. पहिल्या भागाचे नाव १२१०४५, म्हणजे १२ ऑक्टोबर २०४५, शेवटच्याचे १५०१४६. या आकड्यांकडे माझे लक्ष मुलीने वेधले. येथे काळ मोजला जात होता, आणि म्हणून प्रत्येक दिवसाला किंमत होती. नॉर्मन जातो तेव्हा तो एका तारखेला जातो. एमा स्वतःचा कान कापते, कारण खुणेचे यंत्र कानात आहे. चार वर्षांच्या फिलला आणि त्याहून लहानांना मागे ठेवून मोठी मुले भिंतीपलीकडे जातात, आणि परत येऊन तुम्हांला नेईन असे वचन एमा फिलला देते. भिंतीवर एकटी उरलेली इझाबेला त्यांचे दोर गोळा करते आणि केस मोकळे सोडते. तो प्रसंग संपल्यावर आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. त्या दिवशीच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशीही तशाच राहिल्या.

दुसरे पर्व २०२१ च्या जानेवारीत आले. मधल्या दोन वर्षांत फाटके खरोखरच बंद झाली होती, मुलगी दहावीत गेली होती, आणि तिने मूळ चित्रकथा मिळतील तेवढ्या खंडांतून वाचून काढली होती. मी ती वाचली नव्हती. पुढील विवेचनात या फरकाला महत्त्व आहे, म्हणून तो नोंदवून ठेवतो. अकरा भाग होते. पाचव्या-सहाव्या भागापासून ती अस्वस्थ होऊ लागली. 'बाबा, यांनी सगळं तळंच गाळलं,' असे ती सारखी म्हणे. गोल्डी पाँड नावाच्या त्या गावात राक्षसांतले सरदार मुलांना सोडून देऊन त्यांची शिकार करतात. हा प्रदीर्घ भाग आणि भूमिगत आश्रयस्थानात एकट्याने राहणारा, कडवट झालेला युगो हे पात्र पडद्यावरच्या पर्वातून समूळ वगळले होते.

मूळ संहितेशी प्रतारणा झाली, हा तिचा पहिला आरोप. रूपांतराविषयीची आपली बहुतेक चर्चाही याच आरोपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. मला तो पुरेसा वाटत नाही, आणि याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, पहिल्या पर्वानेही मुळाशी इमान राखलेले नव्हते. चित्रकथेत मुलांची मनोगते पानोपानी लिहिलेली आहेत. कानबे यांनी ती जवळजवळ सारी काढून टाकली आणि त्यांच्या जागी लांब मार्गिका, दाराची फट, घड्याळाचा आवाज ठेवला. ही प्रतारणाच होती, आणि तिच्यामुळेच ते पर्व श्रेष्ठ ठरले. दुसरे कारण मी स्वतः आहे. तळे मला ठाऊकच नव्हते, तरीही काहीतरी चुकले आहे हे मलाही जाणवत होते. जे वाचलेच नाही त्याची उणीव कशी भासते? समीक्षेने विचारावा असा प्रश्न मला हा वाटतो.

दुसऱ्या पर्वाच्या भागांना तारखा नाहीत, फक्त क्रमांक आहेत. मुले जंगलात जातात, माणसे न खाणारे दोन राक्षस त्यांना भेटतात, आश्रयस्थान सापडते, जाते, आणि मध्ये बरेच महिने एका क्षणात उलटतात. नॉर्मन जिवंत परततो. साऱ्या राक्षसजातीचा नाश करण्याची त्याची योजना आहे. एमाला ते मान्य नाही, कारण त्यांनाही मुलेबाळे आहेत. हा संघर्ष एखाद्या मोठ्या कादंबरीचा विषय आहे. पडद्यावर तो थोड्याशा संभाषणात आणि अश्रूंत मिटतो. मला खटकत होते ते हे : एमाची करुणा अजून कोणत्याही कसोटीला उतरलेली नव्हती. ज्यांच्याविषयी तिला दया येते त्यांच्याशी ती जिवावर उदार होऊन कधी लढलीच नव्हती. पुढे मी चित्रकथा वाचली तेव्हा कळले की ती कसोटी म्हणजेच ते तळे. म्हणजे मला जाणवलेली पोकळी नेमकी गाळलेल्या मजकुराच्या आकाराची होती.

शेवट तर अधिकच नवलाचा. मुले परत येतात, फिल भेटतो, इझाबेला आणि इतर आया अचानक मुलांच्या बाजूने उभ्या राहतात. बाकीच्यांना माणसांच्या जगात पाठवून एमा काही सोबत्यांसह मागे राहते, आणि त्यानंतर तिने त्या जगात जे जे केले ते गाण्याच्या साथीने काही स्थिर चित्रांत दाखवून टाकले जाते. त्यातले एकेक चित्र म्हणजे मुळातले अनेक अध्याय आहेत. मूळ कथेत नव्या वचनासाठी एमाला किंमत मोजावी लागते. तिच्या स्मृतीतून तिचे सारे कुटुंब पुसले जाते. येथे ती हसत परत येते.

परक्या हातांनी कथा बिघडवली, असेही म्हणण्याची सोय नाही, कारण खुद्द शिराई यांचा या पर्वाच्या रचनेत सहभाग होता. येथे मला आपल्याकडचे एक जुने उदाहरण आठवते. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका वाङ्मयप्रकाराला नाव दिले ती बाणभट्टाची 'कादंबरी' बाणाच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, उत्तरभाग लिहून ती पुरी केली. कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, तर अपुऱ्या कथेचे सज्जनांना दुःख होते म्हणून आपण हे करतो आहोत, असे तो आरंभीच सांगतो. त्याची शैली बापाची नव्हे, हे संस्कृतचा विद्यार्थी पहिल्या काही पानांतच ओळखतो. पण शाप होते, जन्मांतरे होती, आणि बापाने करून ठेवलेले ते सारे कर्ज मुलगा फेडतो. चंद्रापीड मरण पावतो, आणि न कोमेजणाऱ्या त्याच्या देहापाशी कादंबरी वाट पाहत बसते. ती वाट पाहणे भूषणभट्ट गाळत नाही. उत्तरभागाकडून प्रतिभेची अपेक्षा करावी की नाही, यावर मतभेद होऊ शकेल. पूर्वभागाने घेतलेले ऋण त्याने फेडावे, याविषयी मला मतभेदाला जागा दिसत नाही.

माझे हे सारे विवेचन मुलीने मात्र एका वाक्यात करून टाकले. त्या एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन यांवरून जुलैमध्ये निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. पेढे आणले. तिने एक पेढा घेतला आणि म्हणाली, 'आमचंपण दुसऱ्या पर्वासारखंच झालं बाबा. शेवट गोड, पण मधलं काही झालंच नाही.' तिने वर्षभर अभ्यास केला होता. मी काहीतरी समजुतीचे बोललो असेन. ते आता आठवत नाही.

त्यानंतर तिने पहिले पर्वही पाहणे सोडले. याचे मला अधिक वाईट वाटले, आणि त्यावरून आमचा खराखुरा वाद झाला. कलाकृती स्वायत्त असते, पहिले बारा भाग जसे होते तसेच आहेत, त्यांतले एक चित्रही बदललेले नाही, असे मी म्हणत होतो. वर्गात मी वर्षानुवर्षे हेच सांगत आलो होतो. तिचे म्हणणे असे : 'बदललंय. एमा फिलला वचन देते ना, तेव्हा ते कसं पाळलं जाणार हे मला आता माहीत आहे.' वाचकाच्या अपेक्षेचे क्षितिज बदलले की संहिताही बदलते, हा सिद्धान्त मी शिकवला होता तो परीक्षेत विचारतात म्हणून. त्याचा जाच कसा असतो हे मला घरात कळले. आजही माझे मन पूर्णपणे तिच्या बाजूला गेलेले नाही. रामायणाचे उत्तरकांड प्रक्षिप्त मानणारी परंपरा केवळ पाठचिकित्सेतून आली असेल असे मला वाटत नाही; आधीच्या कांडांतले प्रिय काहीतरी वाचवण्याची धडपडही तीत असावी. पण उत्तरकांड ऐकलेल्या माणसाला अग्निपरीक्षेचा प्रसंग पूर्वीसारखा ऐकता येतो का?

२०२३ मध्ये ती शिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेली. पावसाळ्यात एके संध्याकाळी मी एकट्यानेच पहिले पर्व पुन्हा लावले आणि चार दिवसांत संपवले. इझाबेलाने केस सोडले तेथे लॅपटॉप मिटला. दिवाळीच्या सुटीत ती आली तेव्हा बाराव्या भागावरची खूण तिला दिसली. 'पुढचं पाहिलंस परत?' तिने विचारले. मी नाही म्हणालो. ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने १२१०४५ लावले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. खाली सोसायटीच्या आवारात फटाके चालू होते, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. त्या रात्री आमचे चार भाग झाले.