पावसाचा आकडा

आम्ही बनवतोय त्या खेळातला पाऊस मावळचा आहे, आणि माझा सगळा छळ तिथूनच सुरू झाला.

कुठल्याही फँटसी आरपीजीत भिजणं हा अपवाद असतो. लॅरियनच्या बाल्डर्स गेट 3 मध्ये भिजलेल्यावर वीज आणि थंडी दुप्पट लागते, आग निम्मी. शत्रूला भिजवण्यात एक चाल जाते, ती त्या दुपटीची किंमत. पण लोणावळ्याच्या जुलैत भिजवायला कुणाची चाल खर्च होणार? पहिल्याच टर्नला सगळे चिंब, दुप्पट फुकटात. त्यात डबक्यातून वीज शेजारच्यापर्यंत पोचते. 40 चा मंत्र भिजल्यामुळे 80, डबक्यात पाच जण असले की 400. आगीचा मांत्रिक मात्र सगळा पावसाळा वीस-वीस खरवडत बसतो.

मी दुपटीची दीडपट केली, कूलडाउन वाढवला, जो शत्रू दिसेल त्याला विजेचा रेझिस्टन्स वाटला. आकडे जुळायचे आणि पाऊस नुसता देखावा होऊन बसायचा. ते मला सोसत नाही. हल्ली निम्म्या खेळांत पाऊस म्हणजे पडद्यावरच्या तिरक्या रेघा आणि चकाकणारे दगड. भर सरीत मशाल तशीच जळते. दुसरं टोक म्हणजे लॅरियनचाच 2017 चा डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2. तिथं जरा वेळ गेला की अख्खं मैदान पेटलेलं आणि जो तो आपल्याच आगीतून वाट काढतोय. त्या खेळाची मी पारायणं केली आहेत, म्हणून बोलायचा हक्क आहे: ती आतषबाजी झाली, लढाई नव्हे. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सनी 2020 च्या 'राजी'त भिंती-खांबांवरून धावत मारायची मजा ठेवली आणि असल्या गुणाकाराच्या फारसं नादी लागले नाहीत. शहाणी माणसं.

मग टेस्टिंगला भाजे गावची एक मुलगी आली. घरी इंद्रायणी भाताची खाचरं. माझी आकड्यांची शीट तिनं पाहिलीच नाही, खेळ थांबवून विचारलं, "दादा, विसापूरच्या पायऱ्यांवर डबकं कुठं साचतंय?"

पावसाळ्यात किल्ल्याच्या त्या पायऱ्यांवरून धबधबा उतरतो, हे मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मंत्राचा आकडा घासत होतो, ती जमिनीबद्दल बोलत होती. आम्ही प्रत्येक चौकोनाला उतार दिला. उतारावर पाणी थांबत नाही. वीज त्याच्याबरोबर खाली जाते आणि दर चौकोनाला निम्मी होते. नुसत्या भिजलेल्या अंगाला किरकोळ वाढ, दुप्पट फक्त साचलेल्या पाण्यात उभ्या असलेल्याला. साचतं कुठं, तर खाचरात. खाचराला बांध असतो, आणि बांध फोडायला एक चाल लागते. हरवलेली किंमत अशी परत आली. आगवाल्याला लेण्यांचा कोरडा आडोसा मिळाला. तिथं त्याचा पूर्ण मारा. उंचीची किंमत खरं तर या भागाला 1915 पासून माहीत आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली ती तेव्हा. वळवणच्या तलावावरून मी रोज जातो, तरी सुचलं तिला.

प्लेटेस्टला कुणी बांध फोडून वरच्या खाचरातलं पाणी शत्रूच्या पायाशी आणलं आणि ओरडलं, की मी खुर्चीमागे उभा राहून मान डोलावतो. खेळाची ओळख करून देताना "हा आमच्या टीमचा विचार" म्हणतो, तेव्हा तिच्याकडे बघत नाही. शिवाय वीज अजूनही असायला हवी त्यापेक्षा थोडी ओपी आहे, हे मला माहीत आहे. माझा आवडता मंत्र आहे तो. डी अँड डीच्या 2014 च्या नियमांत तिसऱ्या पातळीच्या, अनेकांना लागणाऱ्या मंत्राला कोष्टक सहा फासे सुचवतं, फायरबॉलला मात्र आठ आहेत. एवढा मोठा दाखला हाताशी असताना मी वीज नर्फ का करू?

ती म्हणते, करा. पुढच्या बिल्डच्या यादीत तिनं विजेचा आकडा सगळ्यात वर लिहून ठेवलाय. मी त्याच्याही वर धुकं लिहिलं. टायगर पॉइंटचं धुकं आलं की हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही, मग लांब पल्ल्याचे मंत्र कशावर रोखायचे? पल्ला कापला तर धनुर्धारी बाद, नाही कापला तर धुकं पुन्हा देखावा. सध्या दोघंही त्यावर भांडतो आहोत, आणि तेवढा वेळ वीज आहे तशी आहे.