शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

वाकोल्याहून शिवनेरी फार लांब नाही. कल्याण गाठायचे, तिथून एस.टी.ने माळशेज घाट चढायचा, की जुन्नर आलेच. पावसाळा ओसरताना आम्ही मुलांना घेऊन गेलो. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती याच जुन्नरहून, आणि 1630 मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो याच किल्ल्यावर. हा इतिहास मुलांना पाठ होता. आम्हाला त्यांना एक झाड दाखवायचे होते.

त्याचे नाव शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी डालझेल यांनी 1860 च्या दशकात त्याची नोंद केली आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्याला दिले. महाराष्ट्राबाहेरच्या रानात ते आढळत नाही. इथेही शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या डोंगरांवरच आहे.

कातळाच्या भेगेतून त्याची जाड, रसाळ खोडे खाली लोंबतात. पावसात पाने येतात आणि चांदणीसारखी पाच कोनांची, पिवळ्या ठिपक्यांची किरमिजी फुले उमलतात. पुढे पाने गळतात आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर उन्हाळा निघतो. अरबीत कोरफडीला ‘सबिर’ म्हणतात. आपला ‘सब्र’ त्याच धातूचा. माकुडी कोरफडीच्या नव्हे, रुईच्या कुळातली. पण सब्र तोच.

शेळ्या तिला खातात, माणसेही खोडे खातात. वणवे आणि दरडी आहेतच. म्हणून जिथे शेळीचे तोंड पोचत नाही, अशा उभ्या कड्यांवरच ती उरली आहे.

“अम्मी, एकच फांदी घेऊ या? खिडकीत लावू,” धाकटी म्हणाली. मागणी वेडगळ नव्हती. फांदीपासून हे झाड सहज रुजते. संशोधकांनी तशीच रोपे वाढवून पुन्हा डोंगरांवर लावली आहेत. आम्ही तिला म्हटले, “बेटा, कुंडीत ती जगेल, पण गडावर येणाऱ्या प्रत्येकाने एकच फांदी नेली तर इथे काय राहील?” तिने थोडा विचार केला आणि फक्त फोटो काढला.

सप्टेंबरमध्ये सवड काढून मुलांना जरूर न्यावे. खिडकीसाठी कोरफड पुष्कळ आहे. माकुडी आम्हाला गडावर नेमकी कुठे दिसली, ते मात्र इथे मुद्दाम लिहिलेले नाही.