दिल्ली दरवाजा आणि तुझं एक वाक्य

चिखलदरा

चि. बापूस,

तुझा निबंध वाचला. भाषा चांगली जमलीय, वाचनही दिसतं. पण तिसऱ्याच पानावर तू लिहून टाकलंस की पश्चिमेनं धर्म आणि राज्य वेगळं केलं, इस्लामनं ते कधीच केलं नाही, आणि पुढची सगळी पानं त्याच खुंट्याला बांधलीस. हे वाक्य तुझं नाही रे राजा, गाइडांतून फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलंय. म्हणून हे लांबलचक पत्र.

पाऊस ओसरला की ये, गाविलगडावर नेते. रविवारी नको, रविवारी अर्धी अमरावती इथे कणसं खात असते. तिथला दिल्ली दरवाजा नीट बघ. दर्शनी भागावर सिंह आहेत आणि गंडभेरुंड आहे, दोन डोक्यांचा तो पक्षी, चोचींत हत्ती धरलेला. १४८८ मध्ये किल्ल्याची डागडुजी केली ती फतहउल्ला इमादउल्मुल्कानं. तेव्हा तो बहमनींचा वऱ्हाडचा सुभेदार होता, पुढे १४९० मध्ये एलिचपुरात स्वतंत्र झाला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की हा जन्मानं विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण. लहानपणी लढाईत सापडला आणि मुसलमान म्हणून वाढला. गंडभेरुंड ही त्या रक्ताची आठवण, असं लोक छातीठोकपणे सांगतात. मी तेवढं पुढे जात नाही. सुलतानाच्या दरवाजावर तो बसला आणि पाचशे वर्षं कुणी खरवडला नाही, एवढं मला पुरे.

याच फतहउल्लाच्या मुलाचं, अलाउद्दीनचं, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी वाजलं ते पाथरीवरून. पाथरी म्हणजे निजामशहाच्या पूर्वजांचं गाव, त्यांचे नातलग तिथे अजून ब्राह्मणच होते, आणि कुळाचं जुनं वतन आपल्या राज्यात यावं ही त्याची हौस. ब्राह्मण वंशाचे दोन सुलतान एका कुलकर्णपणासाठी भांडतायत! यात इस्लामी राज्यशास्त्र कुठे आणि वऱ्हाडी भाऊबंदकी कुठे, तूच ठरव.

पुढे १५३७ मध्ये बुऱ्हाणनं शाह ताहिर या शिया विद्वानाच्या नादानं शिया पंथ घेतला. शहरातले सुन्नी उलेमा खवळले, दंगाही झाला. पण तू आता हा पंथ घे, असं नांगर धरणाऱ्याला कुणी म्हणालं नाही. अठराच वर्षांनी, १५५५ मध्ये, जर्मनीत आउग्सबुर्गचा तह झाला. त्याचा अर्थ साधा: राजाचा पंथ तोच प्रजेचा, पटत नसेल तर घरदार विकून दुसऱ्या राज्यात जा.

लगेच उलटं टोक गाठू नकोस. इथे बरोबरी होती असं मी म्हणत नाही. औरंगजेबानं १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला तो गैरमुसलमानांवरच. सहा वर्षांनी चौदाव्या लुईनं फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचे उरलेसुरले हक्क काढून घेतले, हेही शेजारी मांड म्हणजे झालं.

मग फरक कुठला? मला वाटतं तो संस्थेचा आहे. १०७७ मध्ये जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या दारात बर्फात उभा राहिला, कारण पोप ग्रेगरीनं त्याला बहिष्कृत करून प्रजेला त्याच्या शपथेतून मोकळं केलं होतं. आता आपल्याकडचं बघ. मुहम्मदशहा बहमनी दारू पितो म्हणून खुलताबादच्या शेख झैनुद्दीननं त्याला मान्यताच दिली नाही. सुलतानानं जरब दाखवली तेव्हा शेख आपल्या गुरूच्या, बुऱ्हाणुद्दीन गरीबच्या, कबरीपाशी जाऊन बसला: उठवून दाखवा. फिरिश्ता म्हणतो, शेवटी सुलतानच नमला आणि दारूचे गुत्ते बंद झाले. (औरंगजेबाची कबर याच झैनुद्दीनच्या दर्ग्यात आहे. तू गेला होतास, पण लक्ष मोबाइलमध्ये.) दोन्हीकडे राजा वाकला. पण ग्रेगरी परागंदा होऊन वारला तरी नवा पोप आला, भांडण पुढे चाललं आणि ११२२ मध्ये वर्म्सला त्याचा लेखी करार झाला. झैनुद्दीनमागं ते भांडण चालवणारी गादी नव्हती. चर्चकडे जमिनी, कोर्टं, कर आणि एक मुखिया. म्हणून ते राजाला नडू शकलं आणि म्हणूनच पुढे त्याला कायद्यानं बाजूलाही करता आलं. जिथे अशी एक संस्था नाही तिथे वेगळं करायचं कुणाला? सुलतान फर्मानं काढत राहिला, काझी शरियतीवर निवाडे देत राहिला. चौदाव्या शतकातल्या इतिहासकार झियाउद्दीन बरनीनं तर उघड लिहिलं की निव्वळ शरियतीवर राज्य चालत नाही, बादशहाला आपले कायदे करावेच लागतात. आणि बरनी मोठा कडवा माणूस!

आणखी एक, हेही गाविलगडाचंच. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी किल्ला घेतला, भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग त्यात पडला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. धर्म आणि राज्य वेगळं केलेल्या तुझ्या पश्चिमेत तेव्हा कॅथलिक माणसाला ब्रिटिश पार्लमेंटात बसता येत नव्हतं. ती बंदी उठली १८२९ मध्ये, आणि उठवणारा पंतप्रधान हाच वेलस्ली. त्यापायी एका लॉर्डाशी पिस्तुलांचं द्वंद्वही खेळला. इंग्लंडचा राजा आजही तिथल्या चर्चचा प्रमुख आहे.

माझ्या म्हणण्याला इराण आडवा येतो, असं तुझे सर म्हणतील. तिथे शाह इस्माईलनं १५०१ पासून अख्खा देश सक्तीनं शिया केला, अगदी युरोपी थाटात. पण पुढचं वाच. तिथेच धर्मगुरूंची उतरंड वाढली, खुम्सचा, म्हणजे धार्मिक कराचा, पैसा थेट त्यांच्या हाती येऊ लागला, मोठ्या मुज्तहिदाचा, म्हणजे धर्मपंडिताचा, शब्द देशभर चालू लागला. १९७९ मध्ये राज्य हातात घ्यायला संस्था तयार होती. यावर एक प्रकरण लिही आणि तिसरं पान काढून टाक.

तुझी,
आत्या