आबांची बिडी

गेल्या वर्षी पुनीत सागर अभियानात आमच्या एनसीसी तुकडीला विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर स्वच्छतेसाठी नेले होते. बाटल्या आणि पिशव्या उचलायच्या असतील, एवढीच माझी कल्पना होती. त्या होत्याच, पण बाटली एकदा वाकले की हातात येते. सिगारेटचे थोटूक वाळूत रुतलेले असते, ते उकरून काढावे लागते. दोन तासांत माझ्या पिशवीचा तळ थोटकांनी झाकला गेला. त्यातला कापसासारखा दिसणारा भाग कापूस नसून सेल्युलोज ॲसिटेट नावाचे प्लास्टिक असते, हे सरांनी तिथेच सांगितले. यापुढे किनाऱ्यावर कोणी ओढताना दिसला तर त्याला टोकायचेच, असे मी त्या दिवशी ठरवले.

टोकायची वेळ यंदा दसऱ्याच्या सुट्टीत आली, आणि समोर होते माझे आबा.

बाबा नौदलात असल्याने आमचे घर विशाखापट्टणमलाच आहे. आबा साताऱ्याहून आले होते. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. वय चौऱ्याहत्तर, पण चालताना अजून माझ्या पुढे असतात. संध्याकाळी कुरसुरा पाणबुडी पाहून आम्ही वाळूत बसलो. आबांनी खिशातून बंडल काढले आणि बिडी पेटवली. वारा समुद्रावरून येत होता. आमच्या मागे एक बाई तान्हे मूल घेऊन बसली होती. ती काही बोलली नाही. मूल उचलून पलीकडे जाऊन बसली.

मी बाबांकडे पाहिले. त्यांनी नजर वळवली. आमच्या घरात आबांना कोणी काही सांगत नाही. शेवटी मीच धीर केला. "आबा, सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे. दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो."

"कुठं लिवलंय, दाखव," आबा म्हणाले. "आन् ही सिगारेट न्हाई. पानाची हाय, कुजून जाती. मोकळ्या हवेत धूर कुणाला लागतोय?"

मला उत्तर देता आले नाही. रात्री मी कायदा शोधून वाचला. 2003 च्या कायद्यात सार्वजनिक जागा म्हणून रुग्णालये, उपाहारगृहे, शाळा, वाचनालये मोजली आहेत; पण 'मोकळी जागा' वगळली आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी ही सवलत आखूड केली. स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा आणि लोक जातात अशा इतर जागा उघड्यावर असल्या तरी बंदीत आल्या. बाग आणि समुद्रकिनारा यांचे नाव मात्र तिथे नाही. 'अशा इतर जागा' या शब्दांत ते बसवता येतात, पण वादाला वाव राहतो. न्यूयॉर्क शहराने 2011 मध्ये आणि फ्रान्सने 29 जून 2025 पासून बागा आणि किनारे स्पष्ट नाव घेऊन बंदीत घातले आहेत.

सकाळी चहा घेताना मी आबांना खरे ते सांगितले. "किनाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही, आबा." आबा मिशीत हसले.

मग मी विचारले, "चौकीवर रात्री पहाऱ्याला असताना तुम्ही बिडी ओढायचात का?"

"खुळा हाईस काय? अंधारात बिडीचा इंगळ लांबनं दिसतो. एकाच्या तलफेपायी अख्खा सेक्शन जायचा."

"मग रात्रभर कसं राहायचात?"

"राहायचं. तलफ माझी हुती, जीव धा जणांचा हुता."

मी एवढेच म्हणालो, "काल आपल्या मागे एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. तुम्ही बिडी पेटवली आणि ती उठून गेली."

आबा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला दिसली न्हाई रं." पुढे त्यांनी काही बोलणे काढले नाही, मीही काढले नाही.

आबांनी बिडी सोडली, असे लिहिता आले असते तर मला आनंद झाला असता. त्यांनी सोडलेली नाही. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. तासाभराने ते उठले, रस्ता ओलांडून एकटेच लांब जाऊन उभे राहिले आणि परत आले. थोटूक त्यांनी काडेपेटीत ठेवले होते. घरी आल्यावर ते कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मोकळ्या जागेत माणसाला मोकळीक हवी, असे बंदीच्या विरोधात म्हटले जाते. पण ती जागा त्या बाईचीही होती आणि उठावे तिलाच लागले. म्हणून बागा आणि किनारे यांची नावे आपल्या नियमांत स्पष्ट लिहिली जावीत, असे मला वाटते. तिच्या वतीने बोलायला दर वेळी कोणाचा तरी नातू तिथे असेलच असे नाही.

आणि नावे लिहिली जाईपर्यंत काय करायचे, हे आबांना कोणी शिकवावे लागले नाही. ते त्यांना पहाऱ्यावर असल्यापासून ठाऊक होते.