बैल तू करायचीस

नामपूर

ती. ताईस,


पत्र पोचलं. नातीसाठी बाजारातून भातुकली घेऊन ठेव म्हणतेस. ठेवतो, पण आधी थोडं भांडून घेतो.

पोळा जवळ आला की मोसमच्या काठची चिकणमाती मी पाटी भरून आणायचो आणि बैल तू करायचीस. मातीत कापूस मळला की वाळताना तडकत नाही, ही युक्ती तुझीच. डोळ्यांना बाजरीचे दाणे, शिंगांना काड्या, वशिंड तर असं डौलदार की बघत राहावं. माझे बैल शेळ्यांसारखे दिसायचे. पण पूजा उरकली की जोडी माझ्या हातात आणि तू बोळकी मांडून बसलेली. तसं तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं. चूल तुझी आणि शिवार माझं, ही वाटणी खेळण्यांनीच परस्पर करून टाकली.

खेळण्यांनी अशी वाटणी करायचं हे दुखणं जुनंच. शेजारच्या पोराची सोन्याची गाडी बघून मातीची नको म्हणून रडणारा चारुदत्ताचा मुलगा आठव. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचं नावच त्या मातीच्या गाडीवरून पडलं. इकडे नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली ब्राँझचा बैलरथ सापडला. सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, दोन बैल जुंपलेले, मागं गाडीवान उभा. इतकं जड धूड पोरांच्या खेळण्यातलं नसावं. पण ते बघून तिथल्या पोरांनी चिखलाची गाडी केलीच असणार, असं आपलं मला वाटतं. चिखलाचं मागं काय उरणार!

पोरं बघतात तेच घडवतात. आता बैलजोड्या कमीच राहिल्या. गेल्या पोळ्याला आमच्या नातवानं बैलांऐवजी ट्रॅक्टर केला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत गोळ्यांचा कांदा. लिलाव स्वतःच पुकारला आणि भाव पटेना म्हणून माल स्वतःच घरी परत आणला! सूनबाई रागावली. मी तो ट्रॅक्टर पाटावर बैलांशेजारी ठेवला आणि त्यालाही हळद-कुंकू लावलं.

तर भातुकली मिळेल. पण पिठोरी अमावास्येच्या चार दिवस आधीच या, बैल वाळायला तेवढे लागतात. माती मी भिजवून ठेवतो, कापूस तू आण. आणि नातीला जुना फ्रॉक घाल.

तुझा,
धाकटा