वळणाआधी

ल्यूजच्या स्लेडला सुकाणू नसतं, ब्रेकही नसतो. पाय पुढे करून उताणं पडायचं आणि बर्फाच्या पन्हळीतून ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगानं खाली यायचं. इन्सब्रुकजवळ इग्ल्सला, 1976च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या ट्रॅकवर मी हे शिकलो.

स्लेड ताठ नसते, हेच तिचं मर्म. दोन रनर दोन आडव्या पोलादी दांड्यांनी जोडलेले असतात आणि सांध्यांत रबर असतं. त्यामुळे प्रत्येक रनर किंचित स्वतंत्र हलतो. उजव्या पोटरीनं उजवा रनर आत दाबला आणि डावा खांदा बैठकीत रुतवला, की स्लेड डावीकडे वळते. हा दाब बाजूला उभं राहून बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

रनरखालची पोलादी पट्टी मी स्वतः घासतो. धार तीक्ष्ण ठेवली तर ती बर्फ धरते, पण वेग खाते. गोलसर ठेवली तर वेग देते, पण स्लेड घसरू लागते. त्या दिवशीचा बर्फ आणि आपला हात, दोन्ही ओळखून मधली जागा शोधावी लागते.

पहिल्या हिवाळ्यात मी क्रायझेल या मोठ्या गोल वळणातून बाहेर पडताना भिंतीवर आदळलो. खांदा महिनाभर दुखला. चूक साधी होती: भिंत दिसल्यावर मी वळवायला गेलो. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 33 मीटर. डोळ्यानं बघून पोटरी हलेपर्यंत पाव सेकंद जातो, तेवढ्यात स्लेड आठ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय 25 मीटर त्रिज्येच्या वळणात याच वेगाला शरीर साडेचार पट जड होतं. तेव्हा मान सावरायची की पोटरी?

घाबरून जास्त दाबलं तर पट्टी आडवी होऊन बर्फ खरवडते आणि वेग जातो. इथे निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावर लागतो. काहीच केलं नाही, तर वळण आपल्याला कुठेही फेकतं. म्हणून दाब लवकर द्यायचा, थोडा द्यायचा आणि लगेच सोडायचा. सोडणं मला सगळ्यात उशिरा जमलं.

भारताचे ल्यूजपटू शिवा केशवन 1998 साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी उतरले आणि एकूण सहा हिवाळी ऑलिंपिक खेळले. भारतात असा ट्रॅक नाही, म्हणून ते हिमालयातल्या रस्त्यांवर चाकांची स्लेड घेऊन सराव करायचे. डांबर बर्फासारखं वागत नाही. पण कोणत्या क्षणी दाबायचं आणि कोणत्या क्षणी सोडायचं, हे शरीर तिथेही शिकतं.

मी आजही धावेआधी ट्रॅकच्या कडेनं चालत जातो आणि मग डोळे मिटून सगळी वळणं हातानं हवेत काढतो. स्लेड वळवायची ती वळणाआधी. वळणात शिरल्यावर शांत पडून राहता आलं, तर समजावं की वळवणं बरोबर झालं होतं.