प्रश्न नक्की कोणाचा?

शी आस्क्ड, “आर यू लीव्हिंग?” हे एक इंग्रजी वाक्य. डिड शी से, “आय ॲम लीव्हिंग”? हे दुसरं. दोन्हींत चिन्हं तीच, फक्त शेवटच्या दोघांनी जागा बदलल्या आहेत. पहिल्यात प्रश्न तिचा आहे, म्हणून प्रश्नचिन्ह तिच्या शब्दांसोबत अवतरणाच्या आत राहतं. दुसऱ्यात ती काहीच विचारत नाही. ती निघाल्याचं सांगून मोकळी झाली आहे. धास्तावून विचारणारं माणूस वेगळंच आहे. म्हणून चिन्ह बाहेर. खूण केसभर सरकली आणि काळीज कोणाचं धडधडतंय, तेच बदललं.

इंग्रजी विरामचिन्हांतला हा मला सर्वांत न्यायी नियम वाटतो. स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांना हे भाग्य नाही. अमेरिकेत ते अवतरणाच्या आत घ्यायचे, अर्थ काहीही असो. ब्रिटनमध्ये अर्थ पाहून जागा ठरते, आणि फाउलर बंधूंनी १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये अर्थाचीच बाजू घेतली होती. प्रश्नचिन्हाबाबत मात्र दोन्ही देशांचं एकमत आहे. ज्याचा प्रश्न, त्याचं चिन्ह.

या खुणांचा जन्म पाहिला की हे पटतं. आठव्या शतकाच्या सुमारास युरोपातल्या मठांत लेखनिक प्रश्नाच्या शेवटी एक टिंब आणि त्यावर वर चढत जाणारी नागमोडी रेघ काढत. मोठ्यानं वाचणाऱ्याला ती सांगे, इथे आवाज चढव. अवतरणचिन्हाचं घराणं त्याहून जुनं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अरिस्टार्कस होमरच्या लक्षणीय ओळींशेजारी समासात बाणाच्या टोकासारखी खूण करी. पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी धर्मवचनांसाठी तीच उचलली. छापील पुस्तकांतही कितीतरी काळ अवतरणाच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी ही चिन्हं रांगेनं उभी असत. अठराव्या शतकात कादंबरीतली माणसं एकमेकांशी भरभरून बोलू लागली आणि समासातली ही खूण मजकुरात शिरून बोलणाऱ्याच्या ओठांशी येऊन थांबली. पंडितांच्या वचनांसाठी जन्मलेलं चिन्ह साध्या माणसांच्या बोलण्यासाठी झिजू लागलं, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्या मोडी लिपीतल्या कागदांत यातलं काहीच नव्हतं. मराठीत विरामचिन्हं रुजवली मेजर कँडी यांनी. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. चिन्हं इंग्रजीतून आली, पण कान मराठीच राहिला. ‘आईनं विचारलं की तू कधी येणार?’ असं आपण सहज म्हणतो. दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही आईचा सूर तसाच जिवंत ठेवतो. मराठी मुलं इंग्रजीत ‘ही आस्क्ड व्हेन विल यू कम?’ लिहितात ते याच सवयीनं. त्याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना एवढंच सांगावं की इंग्रजीत दोनच वाटा आहेत. ही आस्क्ड, “व्हेन विल यू कम?” असा त्याचा आवाज अवतरणात जपायचा, नाहीतर ‘ही आस्क्ड व्हेन आय वुड कम’ असा प्रश्न विधानात पुरता विरघळवायचा आणि पूर्णविराम द्यायचा. मधली वाट नाही.

दुकानांच्या पाट्यांवर ‘फ्रेश’ हा शब्द अवतरणात दिसतो. लिहिणाऱ्याला जोर द्यायचा असतो; इंग्रजी वाचणाऱ्याला शंका येते, कारण एकट्या शब्दाभोवतीची ही चिन्हं ‘हे मी म्हणत नाही’ असं सुचवतात. प्रामाणिक माणसाच्या मालावर असा संशय नको. तिथे ठळक अक्षर पुरे.

१५८० च्या दशकात लंडनचा मुद्रक हेन्री डेनहॅम यानं उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नासाठी उलटं प्रश्नचिन्ह वापरलं होतं. ते टिकलं नाही, याची हळहळ वाटते. किती दुःखं तशाच प्रश्नांत बोलतात!

आणि आत-बाहेर दोन्हीकडे प्रश्न असेल तर? डिड शी आस्क, “आर यू लीव्हिंग?” इथे आज सहसा एकच चिन्ह देतात, आणि तेही आतलं. बाहेरचा विचारणारा आपलं चिन्ह सोडून देतो. त्याचा प्रश्न वाक्याच्या आरंभीच्या ‘डिड’मधून ऐकू येतच असतो. तिचा प्रश्न मात्र पूर्ण, तिच्याच आवाजात छापला जातो, आणि पुढे पूर्णविरामही लागत नाही.